रस्त्यावरचे मीठ आणि भुऱ्याचे पाय

वाचकांचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

"डॉक्टर, मी गोव्यातल्या साखळीची निवृत्त शिक्षिका. माझी मुलगी आणि जावई कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहतात. जाताना त्यांनी आमच्या भुऱ्यालाही सोबत नेले. भुऱ्या म्हणजे इथलाच गावठी सुणो, म्हणजे कुत्रा, वजन अठरा किलो, आमच्या पोरसात (परसात) वाढलेला. जानेवारीत मुलीचे बाळंतपण आहे, म्हणून डिसेंबर ते मार्च मी आणि आमचे हे तिथे असू. भुऱ्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचे काम अर्थातच आमच्याकडे येणार. मुलगी सांगते की तिथे थंडीत फुटपाथवर मीठ टाकतात आणि गेल्या हिवाळ्यात त्या मिठाने भुऱ्याच्या पायांना भेगा पडून रक्त आले. बूट आणले, तर तो पाय झटकत एका जागी उभा राहतो. ह्यांचे म्हणणे असे, की कुत्र्याला देवाने पाय दिलेत ते पुरेत, बूट म्हणजे नुसते चोचले. मी म्हणते खोबरेल आणि हळद घेऊन जावे. मिठाने खरेच एवढे होते का? आणि तो सारखे पाय चाटतो, ते मीठ पोटात गेले तर?

एक वाचक, साखळी"

बाई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाची धास्ती तुम्ही जास्त घेतलेली दिसते, म्हणून तो आधी घेते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ एकदम पोटात गेले की उलट्या, जुलाब, प्रचंड तहान, तोल जाणे, अंगाला कंप सुटणे असे प्रकार सुरू होतात. किलोमागे चार ग्रॅमच्या आसपास प्रकरण जिवावर बेतू शकते. भुऱ्याच्या अठरा किलोंचा हिशेब केला तर धोक्याची सुरुवात साधारण छत्तीस ग्रॅमांपासून, म्हणजे दोन मोठे चमचे भरून मीठ. पाय चाटून एवढे पोटात जात नाही. तोंडाला लाळ सुटेल, एखादी उलटी होईल, पाणी जास्त पिईल, बस्स. पण गॅरेजमध्ये किंवा दाराशी ठेवलेली मिठाची पिशवी फोडून त्याने तोंड घातले, तर छत्तीस ग्रॅम काहीच नाहीत. तेव्हा पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी पाहा ती पिशवी कुठे आहे, आणि झाकणाच्या बादलीत घालून उंचावर ठेवायला जावयांना सांगा.

आता मीठ पायाला काय करते ते. रस्त्यावर टाकतात ते बहुतेक आपलेच सोडियम क्लोराईड, पण स्वयंपाकाच्या मिठासारखे बारीक नाही. खाणीतून काढलेले खडे असतात. ओंटारिओतल्या गॉडरिच गावात ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे साडेपाचशे मीटर खोलावर जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. आगरवाड्याला किंवा रायबंदरला उन्हात पिकणारे मीठ बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना सरोवराखाली सुरुंग लावून मीठ काढतात हे ऐकायलाच विचित्र वाटते. तर या खड्यांना कडा असतात. तो खडा बोटांच्या बेचक्यात अडकला की पावलागणिक आत रुततो.

दुसरे, मीठ ओलावा ओढते. बांगडा खारवताना तुम्ही पाहिलेच आहे, मीठ भरल्यावर थोड्या वेळात परातीत पाणी साचते. तळव्याच्या गादीतून तसाच ओलावा निघतो, कातडी कडक होते, मग चिरते. त्यात तिथली घरे हिवाळाभर हीटरने तापवलेली, आतली हवा कोरडी ठणठणीत. बाहेर मीठ आणि घरात ही हवा, मग भेगा भरणार कधी? आणि एकदा भेग पडली की पुढचे मीठ थेट जखमेत जाते. रक्त आले म्हणता, ते अशा दुसऱ्या टप्प्यावरचे असणार.

तिसरी गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. साधे मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली बर्फ वितळवायला फारसे उपयोगाचे राहत नाही. मग कॅल्शियम क्लोराईड किंवा मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात. कॅल्शियम क्लोराईड पाण्यात विरघळताना चांगलेच गरम होते. ओल्या बोटांच्या बेचक्यात त्याचा दाणा अडकला तर ओलावा ओढणे आणि भाजणे ही दोन्ही कामे तो एकाच जागी करतो. म्हणजे जितकी थंडी कडक, तितका रस्त्यावरचा माल जहाल असण्याची शक्यता जास्त. काही शहरांत मिठाच्या पाण्यात बीटचा रसही मिसळतात, त्याने मीठ रस्त्याला चिकटून राहते. भुऱ्या एखाद्या तपकिरी डागाशी जीभ लावायला लागला तर ओढून पुढे न्या.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण ते अर्धे बरोबर आहे. थंडीपुरते कुत्र्याचे पाय खरेच विलक्षण आहेत. तळव्याच्या गादीत चरबी आणि चिवट तंतू भरपूर असतात. शिवाय तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अशा शेजारी-शेजारी असतात, की पायाकडे जाणारे गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते. जपानी संशोधकांनी २०११ च्या सुमारास हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले. त्यामुळे भुऱ्या बर्फावर चालला म्हणून लगेच पाय गारठून निकामी होत नाहीत. पण देवाने पाय दिले ते मातीसाठी, वाळूसाठी, फार तर बर्फासाठी. कॅल्शियम क्लोराईड त्या यादीत नसावे. आणि चोचल्यांचेच म्हणाल, तर अलास्कात 'इडिटारॉड' नावाची कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत असते, अँकरेजपासून नोमपर्यंत दीड हजार किलोमीटरहून अधिक. त्या शर्यतीचा नियमच आहे, की दर कुत्र्यामागे आठ पायमोजे जवळ असलेच पाहिजेत. बर्फातच जन्मलेल्या कुत्र्यांची ही तयारी, तर साखळीच्या पोरसात वाढलेल्याने का लाजावे?

तरीही बूट हा माझ्या यादीतला पहिला उपाय नाही. पहिला उपाय म्हणजे घरात शिरताना पाय धुणे. आपल्याकडे बाहेरून आलेल्याला आधी पाय धुवायला लावतात, तीच शिस्त भुऱ्याला लावायची. तेवढे एक रोज झाले, दोन्ही वेळा झाले, तर मिठाचा निम्म्याहून अधिक त्रास तिथेच मिटतो असे माझे मत आहे. मलम चाटले जाते, बूट निसटतात. धुतलेल्या पायावर मात्र मीठच उरत नाही, मग चाटू दे खुशाल.

धुण्याचीही रीत आहे. दाराच्या आत एक पसरट टब, त्यात कोमट पाणी. आपल्या मनगटाला जेमतेम कोमट लागेल इतपत, गरम नको. गारठलेल्या पायाची संवेदना कमी झालेली असते, आपण मायेने गरम पाणी घेतो आणि त्याला चटका बसतो. एकेक पाय बुडवून बोटे फाकवा आणि मधल्या जागेतून आपले बोट फिरवा, खडे तिथेच बसलेले असतात. साबण लागत नाही. पोटाखालचा भागही ओल्या फडक्याने पुसा. तुमचा भुऱ्या फार उंच नसावा, रस्त्यावरचा चिखल त्याच्या पोटाला लागतो आणि घरी येऊन तो तेही चाटत बसतो. मग सगळ्यात दुर्लक्ष होणारे काम, ते म्हणजे कोरडे करणे. बोटांच्या मध्ये टॉवेल दाबून धरा. तिथे ओल राहिली की लाली येते, कुबट वास येतो आणि मीठ गेले तरी चाटणे चालूच राहते. त्या बेचक्यातले केस लांब असतील तर मुलीने तळव्याच्या पातळीइतके कापून घ्यावेत, नाहीतर त्यांत बर्फाच्या गोळ्या जमतात आणि गोळ्यांत मीठ. गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात, हे काम तुम्हाला कमी पडेल. नखे मात्र बघा. वाढलेल्या नखांनी बोटे फाकतात आणि खड्याला आयती जागा मिळते.

रस्त्यात तो अचानक एक पाय वर धरून उभा राहिला, तर ओढू नका. तिथेच हातमोजा काढून बोटांत चाचपा, खडा काढून टाका आणि पाय चड्डीला, जाकिटाला, कशालाही पुसा. खिशात एक जुने सुती फडके ठेवलेत तर उत्तमच. नव्या पडलेल्या स्वच्छ बर्फावरून चालवता आले तर तसेच चालवा, फुटपाथच्या मधोमध पांढरे खडे दिसत असताना मुद्दाम त्यावरून नको.

रस्त्याकडेच्या डबक्यांतले पाणी त्याला पिऊ देऊ नका. त्यात मीठ तर असतेच, पण गाड्यांतून गळलेले अँटीफ्रीझही, म्हणजे इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य, असू शकते. ते चवीला गोड लागते. त्यातले इथिलीन ग्लायकॉल अगदी थोडे गेले तरी कुत्र्याची मूत्रपिंडे कायमची जातात. चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता गाठायचा तो दवाखाना. पहिल्या काही तासांत उपचार झाले तर वाचतो. निघण्याआधी घरीच पोटभर पाणी पाजलेत तर डबक्याकडे ओढ कमी राहील.

आता खोबरेल. तुमच्या भावनेबद्दल आदर, पण बाटली इथेच ठेवा. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठते. तिथे बाहेर पडताच ते पायावर थिजेल, आणि त्याआधी घरातच भुऱ्या ते आवडीने चाटून संपवेल. आपल्याला हवा तो थर, जो मिठाला आणि पाण्याला कातडीपासून थोडा वेळ दूर ठेवेल. त्यासाठी कुत्र्यांच्या पायांसाठी बनवलेले मेण तिथे सर्रास मिळते. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी केलेले 'मशर्स सीक्रेट' हे तर कॅनडातलेच. बाहेर पडण्याआधी गादीवर आणि बोटांच्या मध्ये पातळ हात फिरवायचा. जाड थापले की लादीवर घसरगुंडी होते. मेण नसेल तर साधी पेट्रोलियम जेली चालते, ती चाटली तर फार तर शौच पातळ होईल. माणसांची झिंक ऑक्साईडवाली मलमे, निलगिरी किंवा टी ट्री तेल असलेले काहीही नको. हळदीने अपाय होणार नाही, पण मुलीचा गालिचा कायमचा पिवळा होईल. मिठापासून बचाव मात्र काहीच होणार नाही.

बुटांचे सांगते. मिठापासून पूर्ण आडोसा फक्त बूटच देतात, म्हणून भेगा पडलेल्या असताना किंवा कडाक्याच्या दिवशी ते हवेतच. दोन प्रकार आहेत. एक फुग्यासारखे पातळ रबरी, त्यात कुत्र्याला जमीन जाणवते म्हणून तो लवकर रुळतो, पण ऊब मिळत नाही. दुसरे कापडी, खाली जाड तळ आणि वर वेल्क्रोचा पट्टा. भुऱ्या पाय झटकतो म्हणता, तेव्हा मला वाटते पहिल्या प्रकाराने सुरुवात करावी. बरेचदा घोळ मापाचा असतो. कागदावर त्याचा पाय ठेवून, त्यावर वजन येईल असा उभा करून पेन्सिलीने भोवती रेघ मारायची. हवेत धरलेल्या पायाचे माप लहान येते. पुढचे पाय बहुधा मागच्यांपेक्षा मोठे असतात, तेव्हा चारही मापे एकच धरू नका.

सवय घरात लावायची. पहिल्या दिवशी एकच बूट, मिनिटभर, आणि तो झटकायला लागण्याआधी तोंडात काहीतरी आवडीचे. मग दोन पाय, मग चार, मग जेवणाचे ताट बुटांतच. तो कवायत केल्यासारखे पाय उचलेल, घरातली सगळी हसतील, व्हिडिओ काढतील. हसू द्या, पण त्याला खेचू नका. खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे. सुके बांगडे किंवा गोलमो (सुका जवळा) घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडा, मीठ टाळायच्या खटाटोपात मीठच चारायचे! फिरून आल्यावर बूट लगेच काढा. कुत्र्याला घाम तळव्यांतूनच येतो, कोंडलेला पाय ओला राहून बिघडतो. पट्टा इतका आवळू नका की वर खूण उमटेल.

किती वेळ फिरवायचे? भुऱ्याचा कोट आपल्या हवेचा, एकपदरी. पणजीला जानेवारीच्या रात्री जेवढा पारा उतरतो, तेवढाही तिथे दिवसा चढायचा नाही. मिसिसागात जानेवारीची रात्र उणे सहा-सातला सहज जाते, मधेच चार दिवस उणे पंधरा-वीसही होतात. उणे दहाच्या खाली अंगात जाकीट आणि दहा-पंधरा मिनिटे पुरेत. उणे वीसला फक्त विधी उरकून घरात. तो थरथरला, एकामागून एक पाय उचलू लागला किंवा घराकडे ओढू लागला, तर त्याचे ऐका. व्यायाम घरातही होतो, जिन्यावर चेंडू टाका, टॉवेलात खाऊ गुंडाळून शोधायला लावा.

आणि तुम्हा दोघांच्या पायांचे कोण बघणार? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. मिठाने वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि काचेसारखा पातळ थर तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या बुटांना खालून ताणून बसवायची खिळेवाली रबरी जाळी तिथे मिळते, ती पहिल्याच आठवड्यात आणवा. दोरी मनगटाला गुंडाळून घेऊ नका, खार दिसली आणि भुऱ्याने झेप घेतली तर हात सुटला पाहिजे. मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईचे खुब्याचे हाड मोडले तर कोणी कोणाचे करायचे?

दाराच्या पायऱ्यांवर जावई काय टाकतात तेही विचारा. तिथे 'पाळीव प्राण्यांना सुरक्षित' असे लिहिलेल्या पिशव्या मिळतात. त्यांतले घटक सौम्य असतात, निरुपद्रवी असतातच असे नाही, तेव्हा तो शब्द वाचून पाय धुणे सोडू नका. स्वतःच्या अंगणापुरते आधी फावड्याने बर्फ नीट खरवडायचा, मग थोडी रेती पसरायची. रेती बर्फ वितळवत नाही, पण पाय घसरत नाही. कॅनडाच्या सरकारनेच २००४ मध्ये रस्त्यावरचे मीठ जपून वापरण्याची आचारसंहिता काढली आहे, कारण ते शेवटी ओढ्या-नाल्यांत आणि सरोवरांत उतरते.

भेग पडलीच तर कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, स्वच्छ पट्टी सैल बांधा आणि तो बरा होईपर्यंत बुटाशिवाय मिठावर नेऊ नका. डेटॉल नको, ते झोंबते आणि चाटल्यावर पोटात जाते. रक्त थांबत नसेल, सूज असेल, कातडी पांढुरकी किंवा काळसर पडली असेल, तर घरगुती काही न करता दवाखाना. गारठलेली जागा चोळायची तर मुळीच नाही. आणि हिवाळा सरला तरी बोटांमधली लाली आणि चाटणे राहिले, तर मिठाला दोष देत बसू नका. ॲलर्जी किंवा बुरशी असू शकते, तिचे औषध वेगळे.

दोन गोष्टी तुमच्या पर्समध्ये असणारच म्हणून बजावते. लंगडतो म्हणून त्याला कॉम्बिफ्लाम, क्रोसिन किंवा तिथले ॲडव्हिल, टायलेनॉल देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडांना, यकृताला ही औषधे घातक आहेत, आपल्याला चालते ती मात्राही त्याला नाही. आणि काही विषारी खाल्ले म्हणून मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा जुना उपाय करू नका. मिठानेच बिघडलेल्या कुत्र्याला आणखी मीठ पाजले, तर ते कशाला कारण होईल हे मी वर हिशेबासकट लिहिले आहे. मुलीच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावून घ्या. 'पेट पॉइझन हेल्पलाइन' नावाची दूरध्वनी सेवा कॅनडातही चालते. ती फी घेते, पण मध्यरात्री माहितगार माणूस फोनवर भेटतो.

इथल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण बर्फ नसला तरी पाय पोळतातच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवलेल्या कुत्र्यांच्या तळव्यांची सालटी निघालेली मी दवाखान्यात दरवर्षी पाहते. हाताची पाठ सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. मिरामारला किंवा मोरजीला समुद्रात खेळवून आणले की गोड्या पाण्याने पाय आणि पोट धुवा, आणि पोहताना त्याला समुद्राचे पाणी गिळू देऊ नका. मोसमात मिठागरांच्या बांधांवर कुत्रा घेऊन फिरायला जाणाऱ्यांनी हेच लक्षात ठेवावे, आणि मीठ पिकवणाऱ्यांच्या कोंड्यांत त्याला उतरवू नये हेही.

बाई, पत्रावरून तुम्ही निघायला अजून काही आठवडे आहेत. येत्या रविवारी फोन कराल तेव्हा भुऱ्याच्या चारही पायांची कागदावरची मापे मुलीकडून काढून घ्या आणि पातळ बूट आताच मागवायला सांगा. रोज ताटाशी बसताना एक मिनिट घालायचे. पाय झटकण्याचे नाटक तुम्ही पोहोचायच्या आत तिकडेच संपून जाईल.